अनामिका आणि नाव नसण्याचे प्रकार

गेल्या श्रावणात खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी पूजेला बसलो असताना भटजींनी "गंध अनामिकेने लावा" असे सांगितले, तेव्हा शेजारी बसलेल्या पुतणीने मला हळूच विचारले, "काका, ह्या बोटाला नावच नाही काय?" शेजारच्या कन्नड घरात त्याच बोटाला 'उंगुरद बेरळु', म्हणजे अंगठीचे बोट म्हणतात, हे तिला ठाऊक होते, मग आपणच त्याला बिननावाचे का ठेवले, हा तिचा प्रश्न रास्त होता. मी तिला कालिदासाचे सुभाषित ऐकवले. कवींची गणती करताना करंगळीवर कालिदास मोजला गेला आणि त्याच्या तोडीचा दुसरा कोणी न सापडल्यामुळे पुढच्या बोटाचे 'अनामिका' हे नाव सार्थ झाले. मात्र हे उत्तर चतुर असले तरी कारण नव्हे, कारण नाव त्याआधीचेच आहे.

आश्चर्य असे की चिनी भाषेतही ते 'वूमिंग' बोटच आहे. 'वू' म्हणजे नसणे आणि 'मिंग' म्हणजे नाव. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या मेन्शियस या तत्त्वज्ञानेही त्याचा असाच उल्लेख केला आहे. एखाद्याचे बिननावाचे बोट वाकडे झाले, तर ते दुखत नसले आणि कामात अडत नसले तरी सरळ करून घेण्यासाठी तो परक्या राज्यापर्यंत पायपीट करतो. मन वाकडे झाले तर मात्र त्याला त्याचे काहीच वाटत नाही, असे तो म्हणतो. जपानी लोकांनी त्याला 'कुसुरियुबी', औषधाचे बोट, असे उपयोगाचे नाव दिले.

या शब्दांच्या मागे लागण्याचे खरे कारण वेगळे होते. गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मी आत्याच्या तोंडच्या काही ओव्या उतरवून दिल्या होत्या आणि प्रुफात प्रत्येक ओवीखाली 'कवी : अज्ञात' असे छापून आले. हा शब्द मला खटकला. आपल्याकडे 'अज्ञात' असतो तो वर्तमानपत्रातला इसम, किंवा धडक देऊन पळून गेलेले वाहन. ओवीखाली तो वाचला की तपास चालू असल्यासारखे वाटते. 'निनावी' म्हणावे, तर त्या शब्दाला पत्राचा वास येतो, आणि निनावी पत्राने घरे कशी फुटतात हे आमच्या गावाने पाहिले आहे.

चिनी भाषेने हे निरनिराळे प्रकार वेगवेगळ्या शब्दांत मांडले आहेत. नाव होते पण काळाच्या ओघात हरवले, ते 'यीमिंग'; जुन्या कवितांखाली हा शब्द असतो. लिहिणाऱ्याने आपणहून नाव झाकले, ते 'नीमिंग'. तीच अक्षरे जपानीत 'तोकुमेई' अशी उच्चारतात, आणि आपले निनावी पत्र नेमके या खणात बसते. 'वूमिंग' मात्र दोन टोकांना पोहोचतो. कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसाला 'बिननावाचा छोटा शिपाई' म्हणताना तो येतो आणि लाओत्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात, जे अनाम आहे ते आकाश आणि पृथ्वी यांचा आरंभ, असे सांगतानाही तोच येतो. 'मिंग' हे अक्षर स्वतः 'संध्याकाळ' आणि 'तोंड' यांच्या जोडणीतून झाले आहे. सुमारे १०० सालच्या 'श्वोवेन' या कोशाचे स्पष्टीकरण असे की, अंधारात एकमेकांची तोंडे दिसत नाहीत म्हणून माणूस तोंडाने आपले नाव सांगतो. (आमच्याकडे लाईट गेल्यावर "कोण ते?" असे विचारले की उत्तर येते, "मी की!")

सर्वांत मनात राहिला तो जपानी 'योमिबितो शिराझु', म्हणजे कवी ठाऊक नाही. ९०५ साली बादशहाच्या आज्ञेने सुरू झालेल्या 'कोकिनशू' या संग्रहातल्या सुमारे ११०० कवितांपैकी ४०० हून अधिक कवितांवर हाच शेरा आहे. परंतु हा शेरा नेहमी खरा नसे. ताइरा नो तादानोरी हा योद्धा आणि कवी ११८४ साली इचिनोतानीच्या लढाईत मारला गेला. ताइरा घराण्याच्या पाडावाची 'हेइके' ही युद्धकथा सांगते की राजधानी सोडून जाताना तो मागे फिरून आपले गुरू शुनझेई यांच्याकडे गेला आणि कवितांची गुंडाळी देऊन, पुढे कधी संग्रह झाला तर एखादी तरी घ्या, अशी विनंती करून निघाला. शुनझेईंनी पुढे 'सेनझाइशू' या संग्रहात एक घेतली, उजाड झालेल्या जुन्या राजधानीतल्या डोंगरी चेरीच्या फुलांवरची. पण ताइरा घराणे आता दरबाराचे शत्रू ठरले होते, म्हणून तिच्यावर 'कवी ठाऊक नाही' असे लिहिले. ठाऊक नसल्याचे हे सोंग होते. आणि रणांगणावर याच तादानोरीने शत्रूला आपले नाव सांगायचे नाकारले होते. भात्याला बांधलेल्या कागदावरच्या कवितेखाली त्याची सही निघाली, तेव्हा कुठे मारणाऱ्याला आपण कोणाला मारले ते कळले.

जपानी तलवारींचेही असेच आहे. घडवणाऱ्याची सही मुठीत बसणाऱ्या भागावर असते. लांब तलवार पुढे आखूड करताना तोच भाग कापला जाई आणि तलवार 'मुमेई', बिनसहीची, होई. आमच्या भजनी मंडळातही शेवटचे कडवे विसरले की 'नामा म्हणे' गळून पडते आणि अभंग बिनसहीचा फिरू लागतो. यीमिंगचा हा देशी नमुना म्हणता येईल.

ओव्यांना मात्र यातला कोणताच शब्द बसेना. नाव हरवले नव्हते, झाकले नव्हते, दडपलेही नव्हते. शेवटी आत्यालाच विचारले, "आत्या, ह्या ओव्या कुणाच्या गं?" ती शेंगा फोडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "कुणाच्या म्हणजे? जात्याच्या की!"

मी प्रुफात सगळीकडे 'अज्ञात' खोडून 'जात्यावरची' असे लिहून पाठवले. छापणाऱ्याने तेवढाच शब्द बदलला, त्यामुळे स्मरणिकेत प्रत्येक ओवीखाली आता 'कवी : जात्यावरची' असे आहे. आत्याला ते वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की."