तीन निवारे आणि एक ओला मोजा

आज सायकल आणि पाय दोन्ही झिजवून वाटेवरचे तीन निवारे पाहिले. पहिल्यात रेंगाळण्यासारखं काही नव्हतं. छप्पर, बाकडं, सायकल टेकवायला कठडा, संपलं.

दुसऱ्याला तीनच भिंती, चौथी बाजू उघडी. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेवर असे अडीचशेहून जास्त निवारे आहेत. उघडी बाजू वाऱ्याकडे पाठ करून असावी, एवढी साधी गोष्ट. पण इथे बांधणाऱ्याने नेमकं उलटं केलेलं. पाऊस आडवा आला आणि आत बसूनही मी भिजलो!

तिसरी मात्र खरी झोपडी. दाराला कुलूप नाही, नुसती लाकडी खिट्टी. आत लोखंडी शेगडी, शेजारी सुक्या लाकडांची चळत, वर काडेपेटी. पेटी अर्धी उघडी आणि तीन-चार काड्या बाहेर डोकावतायत. आधी वाटलं, काय हा गबाळेपणा. मग माझी स्वतःची बोटं गारठून वळेनाशी झाली तेव्हा उलगडलं, कुणीतरी मुद्दाम तशी ठेवलीय. कोण असेल बरं?

नोंदवहीत शेवटच्या माणसाने तारीख, पुढचा मुक्काम आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘उंदीर आहेत. पिशव्या टांगा.’ टांगल्या.

निघताना राख विझल्याची हात लावून खात्री केली, जाळली त्याहून दोन लाकडं जास्त आणून ठेवली. ओलीच मिळाली, वाळतील. काड्या पुन्हा तशाच बाहेर काढल्या. एक मोजा मात्र दोरीवरच राहिला.