१८९४ हे साल नाही, मॉडेल आहे

मी अमेरिकेत मोन्टानात राहतो. इथे नोव्हेंबर आला की ऑफिसातली अर्धी टीम हरणांच्या मागे रानात. मला शिकारीत रस नाही पण जुन्या मशीनचा जाम नाद, म्हणून गेल्या वर्षी एका घरसामानाच्या सेलमधून जुनी विंचेस्टर लिव्हर अ‍ॅक्शन (ट्रिगरखालचा दांडा ओढून काडतूस भरायची) रायफल घेतली. विकणारा छातीठोकपणे सांगत होता, १८९४ ची आहे, सगळी ओरिजिनल, हे बघा इथे लिहिलंयच. लिहिलेलं होतं खरं, 'मॉडेल १८९४'. पण ते डिझाईनचं नाव, बंदुका डिझाईन करणाऱ्या जॉन ब्राउनिंगच्या, आणि त्या नावाने रायफली पुढे वर्षानुवर्षं बनत राहिल्या. हे मला पैसे देऊन झाल्यावर कळलं!

घरी आल्यावर आधी लिव्हर उघडून रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं. सीरियल नंबर रिसीव्हरच्या (ज्यात सगळी यंत्रणा बसते तो मधला धातूचा भाग) खाली पुढच्या बाजूला असतो, तो टाकून नेटवर शोधलं तर एक तक्ता एक साल सांगतो, दुसरा भलतंच. म्हटलं नंबर राहू दे, आधी वस्तूच नीट बघू.

बॅरल, म्हणजे नळी, गोल, त्यावर काडतुसाचं नाव .३० डब्ल्यूसीएफ, म्हणजे आज ज्याला .३०-३० म्हणतात तेच. विंचेस्टरने १९०५ पासून बॅरल आणि रिसीव्हर दोन्हीवर अंडाकृती चौकटीत 'डब्ल्यूपी' असा प्रूफचा, म्हणजे चाचणी झाल्याचा, शिक्का मारायला सुरुवात केली. माझ्या रिसीव्हरवर काहीच नाही, म्हणजे तो त्याआधीचा. आणि बॅरलवर शिक्का आहे पण नुसता 'पी'! हा शिक्का सुट्या विकलेल्या बॅरलवर मारायचे. म्हणजे बॅरल मूळचं नव्हेच की काय? इथे माझ्या पोटात गोळा आला.

मग पुढच्या लाकडाच्या टोपीपाशी बॅरलच्या कडेला फट दिसली, आधी वाटलं लाकूड आक्रसलं असेल. नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर आणला (ढिला वापरलात तर खाच चेपते आणि मग तीच खूण लोक 'कोणीतरी उघडलीय' म्हणून दाखवतात) आणि ते अक्रोडाचं लाकूड काढलं. आतली खाच गोल नव्हतीच, कोनाकोनाची, सरळ सरळ अष्टकोनी बॅरलसाठी कापलेली. शंभर वर्षं कुणीतरी गोल बॅरल अष्टकोनी खोबणीत बसवून फिरत होतं.

शेवटी वायोमिंगमधल्या कोडी गावच्या फायरआर्म्स म्युझियमला पत्र पाठवलं. त्यांच्याकडे विंचेस्टरच्या कारखान्याच्या नोंदवह्या आहेत, या मॉडेलच्या साडेतीन लाखांपर्यंतच्या नंबरांच्या, माझा नशिबाने त्यात बसत होता. उत्तर आलं: कॅलिबर .३८-५५, अष्टकोनी बॅरल, १९०१ मध्ये रवाना. दुरुस्तीला कारखान्यात परत आल्याची नोंद नाही, म्हणजे बॅरल बाहेरच कुठेतरी बदललं. .३०-३० ची केस (काडतुसाचं पितळी कवच) .३८-५५ वरूनच काढलेली, बुडाचा आकार तोच, त्यामुळे काडतूस मागून धरणाऱ्या बोल्टला हात न लावता काम झालं असणार. मला वाटतं जुनं बॅरल काडतुसातल्या काळ्या दारूने (ब्लॅक पावडरने) आतून खाल्लं असेल, पण हा माझा अंदाज. कलेक्टरच्या हिशोबाने किंमत पडली, मला मात्र ही रायफल आता जास्तच आवडायला लागलीय.

विकणाऱ्याला पत्राचा फोटो पाठवला. त्याचा रिप्लाय: पण वर १८९४ लिहिलंय ना.