किर्र किर्र कुठून येतंय?

आमची फोर बाय फोर पिकअप वीस वर्षांची. गेल्या महिन्यात खालून किर्र किर्र सुरू झालं, रिव्हर्स टाकला की टक्! गॅरेजवाला गिअरबॉक्स खोलू म्हणाला. माझं मन धजेना. भोरजवळच्या सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल केली. इंजिन मंदावलं, आवाज मात्र चाकांच्या वेगानेच. म्हणजे दोष इंजिनात नव्हता.

घरी चाकांना दगड लावून खाली शिरलो, प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा लांब दांडा, हाताने उलटसुलट हलवला. मागच्या क्रॉसला, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या अधिक-चिन्हासारख्या सांध्याला, स्पष्ट खेळ, त्याच्या टोकावरच्या टोपीभोवती गंजाची लालसर भुकटी. आतलं ग्रीस केव्हाच वाळलेलं.

नवा क्रॉस बसवला, चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत ग्रीस भरलं. काल बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, "आता नुसते टायर ऐकू येतात रे."