गादी जागेवर बसली का?

कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी महिन्यातून एकदा तरी मला थांबवून विचारतो, "काका, तुमची सरकलेली गादी व्यायामाने जागेवर बसली म्हणे? कोणता व्यायाम केलात, तेवढे सांगा." तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून आज सविस्तर लिहितो.

मुळात दोन मणक्यांमधली गादी ही सुटी चकती नसते, त्यामुळे ती सरकत नाही आणि जागेवर बसतही नाही. तिचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे आणि आतला गर मऊ असतो. कडे फाटले की गर बाहेर येऊन शेजारच्या नसेला त्रास देतो. अनेकांच्या बाबतीत शरीर तो गर काही महिन्यांत स्वतःच शोषून घेते आणि आश्चर्य असे, की तुटून सुटा झालेला तुकडा साध्या फुगवट्यापेक्षा अधिक वेळा विरघळतो. माझा बिघाड कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये होता, म्हणून कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पायाच्या अंगठ्यापर्यंत जात असे.

पहिले तीन आठवडे मी हितचिंतकांच्या सल्ल्याने पलंगावर काढले. सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या अशा कळेच्या, १८३ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीचा वेगळा लाभ दिसला नव्हता, हे मी पुढे वाचले.

त्यानंतर ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो, त्यांनी मला पालथे झोपवले, तळहात खांद्यांखाली ठेवायला लावले आणि कंबर न उचलता छाती वर घ्यायला सांगितले. लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात जोर काढलेला माणूस मी. "हे भुजंगासनच की," असे थोड्या तोऱ्यातच म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "भुजंगासनात पाठ काम करते. इथे पाठीने काहीही करायचे नाही. सगळा भार हातांवर, आणि कंबर सैल सोडून द्यायची." दहा वेळा झाल्यावर त्यांनी विचारले ते "किती दुखते?" असे नव्हे, तर "आता कुठे दुखते?" असे. कळ पोटरीतून मांडीत आली होती. चौथ्या दिवशी ती कुल्ल्यात आली आणि कंबर मात्र पूर्वीपेक्षा जास्त ठणकू लागली. मी घाबरलो, बाई मात्र खूश झाल्या. दुखणे पायाकडून कण्याकडे मागे येत असेल तर दिशा बरोबर आहे आणि खाली उतरत असेल तर ती हालचाल थांबवायची, एवढाच त्यांचा नियम होता. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना ही गोष्ट १९५६ साली योगायोगाने दिसली: डोक्याकडची बाजू उचललेल्या पलंगावर त्यांचा एक रुग्ण चुकून पालथा, पाठ मागे वाकलेल्या स्थितीत पडून राहिला आणि उठला तेव्हा त्याच्या पायातले दुखणे गेले होते.

पुढे वाकलो की माझी कळ पुन्हा अंगठ्याकडे धावत असे, म्हणून काही आठवडे सूर्यनमस्कार बंद, पंगतीत मांडी घालून बसणे बंद आणि मोजे दुसऱ्याने घालायचे. हा शेवटचा भाग व्यायामापेक्षा अवघड गेला.

आता कोणता व्यायाम, ते. आमच्याच फिरण्याच्या टोळीतल्या एका गृहस्थांना उभे राहिले की पाय भरून येतात आणि बाकावर पुढे वाकून बसले की बरे वाटते. त्यांच्या मणक्यांतली पोकळी अरुंद झाली आहे. माझा व्यायाम त्यांनी केला तर त्रास वाढण्याचीच शक्यता अधिक. म्हणून माझी हालचाल मी कुणाला शिकवत नाही, तपासून घ्या म्हणतो. लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, बैठकीच्या जागी बधिरता आली किंवा पाऊल उचलता येईनासे झाले, तर मात्र व्यायामाचे नावही न काढता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दुसरा एमआरआय मी काढलाच नाही. मोजे आता मीच घालतो, अंगठ्याच्या टोकाला थोडी बधिरता उरली आहे, आणि गादी कशी आहे ते मला ठाऊक नाही.