बाईंच्या टाळ्या

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला इंग्रजीच्या बाईंशिवाय दुसरं काही सुचेचना. कोणत्या बाई ते तुम्हाला सांगायला नको.

आपण सगळी लालबाग-परळच्या चाळींतली पोरं, एबीसीडी पाचवीत गिरवलेली, लांबलचक शब्द दिसला की पोटात गोळा यायचा. बाई म्हणायच्या, शब्द आधी टाळ्यांनी तोडा, उच्चाराच्या प्रत्येक तुकड्याला एक टाळी, मग अर्थाने तोडा. ॲबसेंट-माइंडेडला टाळ्या चार, ॲब, सेंट, माइन, डेड, पण अर्थाचे तुकडे तीनच, ॲबसेंट, माइंड आणि शेवटचा ईडी, म्हणजे -ed हा प्रत्यय.

सातवीत एकदा मला ब्लू-आयड आला. मी ठोकल्या तीन टाळ्या, ब्लू, आय, एड. वर्ग हसला. बाई बाकापाशी आल्या, माझाच हात माझ्या हनुवटीखाली धरला, म्हणाल्या, आता सावकाश बोल आणि हनुवटी किती वेळा खाली येते बघ. दोनदाच आली! ईडीच्या आधी ट किंवा डचा आवाज असेल तरच त्याला वेगळी टाळी, म्हणून काइंड-हार्टेडला तीन आणि ब्लू-आयडला दोन. बाईंच्या बोटांचा खडू माझ्या गालाला लागला होता, तो मी मधल्या सुट्टीपर्यंत पुसला नाही.

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं लंबोदर. लंब आहे उदर ज्याचे तो, बहुव्रीही, आणि तोही इंग्रजीच्या तासाला! म्हणाल्या, काइंड-हार्टेड पण तसाच, काइंड आहे हार्ट ज्याचं तो, आधी काइंड आणि हार्टची जोडी लावायची आणि ईडी त्या अख्ख्या जोडीला, नुसत्या हार्टला नाही. लालबागच्या पोरांना लंबोदर वेगळा समजवावा लागतो होय! त्या दिवसापासून इंग्रजी मला परकं वाटलंच नाही.

आज मी फोर्टात इंग्रजी पुस्तकांचं प्रूफरीडिंग करते. ओळीच्या शेवटी ओल्ड-फॅशन्ड मावत नसेल तर ओल्डनंतरच्या हायफनवरच तोडते, फॅशपाशी अजून एक हायफन घुसवू देत नाही, आणि अडलं की अजूनही हात हनुवटीखाली जातो. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, चांगलंच झालं, पण आपल्या शाळेत आता एका वर्गाची एकच तुकडी उरलीय हे ऐकून फार वाईट वाटलं.

गेल्या गणपतीत बाईंकडे गेले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं, माझ्या ओठांकडे बघून समजून घेत होत्या, मी एकेक शब्द तोडून तोडून बोलले. स्मरणिकेची पहिली प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे, कोणी कुरिअर करू नका.