संशय कुणावर जातो

३१ ऑगस्ट, रात्री

आज विमुक्त दिन. १९५२ साली याच तारखेला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि त्यात अडकवलेल्या जमाती 'विमुक्त' झाल्या. सोलापुरात सेटलमेंट भागात, जिथे या जमातींना कुंपणाआड ठेवलं होतं, आज कार्यक्रम असतात. आमच्या शाळेच्या जयंती-पुण्यतिथीच्या यादीत मात्र हा दिवस नाही. परिपाठात मी पाच मिनिटं मागून घेतली आणि बोलले. मुलं नीट ऐकत होती. दोघं-तिघं शिक्षक हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

बोलायचं ठरवलं ते पाचवीच्या वर्गात जे झालं त्यामुळे. मधल्या सुट्टीनंतर एक मुलगा उठला, "बाई, माझी कंपासपेटी गेली." मी काही विचारायच्या आत तिसऱ्या ओळीतली पारधी वस्तीवरची मुलगी उठली. आपलं दप्तर घेऊन टेबलापाशी आली आणि सगळं ओतलं. दोन वह्या, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं भाषेचं पुस्तक, बोटभर उरलेली पेन्सिल, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. मग दप्तर उलटं करून झटकलं, आतला कप्पा बाहेर काढून दाखवला. रडली नाही, चिडली नाही. हजेरीला "उपस्थित" म्हणावं इतक्या सवयीने तिने ते केलं. सगळं परत भरलं आणि जागेवर जाऊन बसली. कंपासपेटी मागच्या बस्करखाली सापडली. त्या मुलाने ती उचलली आणि वर्ग पुढे सुरू झाला. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. "अगं, तुला कुणी सांगितलं होतं का दप्तर दाखवायला?"

"आई म्हनती, काय हरवलं म्हनले की आपनच आदी दाखवायचं. मंग मारत न्हाईत."

दहा वर्षांची पोर. तिच्या आईलाही हे तिच्या आईनेच शिकवलं असणार. माझ्या आईने मला शाळेत पाठवताना डबा संपव, रस्त्याने नीट जा, एवढंच सांगितलं. चोरीचा आळ येईल तेव्हा काय करायचं, हे आमच्या घरात कुणालाच शिकवावं लागलं नाही. आम्ही बागायतदार. गावात आडनाव सांगितलं की खुर्ची पुढे येते. ती खुर्ची कुणाच्या कष्टाने आली असं कुणी विचारत नाही, मीही लहानपणी विचारलं नव्हतं, कारण घरात ती कायम होतीच.

मुलांना आज एवढंच सांगितलं की आपल्या देशात एकेकाळी असा कायदा होता, ज्यात काही जमातीत जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार धरलं जायचं. १८७१ साली इंग्रजांनी तो केला, आधी उत्तर हिंदुस्थानापुरता. १९११ साली नवा कायदा करून तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू केला, आपला मुंबई इलाखाही त्यात आला. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, असा तो युक्तिवाद होता. गुन्हा रक्तात असतो हे धरून चाललेला. गोऱ्या साहेबाने तो मांडला हे खरं, पण त्याला तो सुचायला लागणारं सगळं सामान आपल्या गावगाड्यात तयारच होतं. इंग्रज गेले. पाटलाच्या वाड्यावरून पालाकडे बघायची नजर कुठे गेली?

त्या कायद्याखाली नाव नोंदलं की पोलिसांकडे हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर पास. पोरांना आईबापांपासून तोडायचीही तरतूद त्यात नंतर घातली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली होती. दिवसा गिरण्यांमध्ये कामाला जायचं, परत आत यायचं. सोलापूरच्या कापडाचं कौतुक आम्ही पोरांना चौथीत शिकवतो. ते कापड विणणाऱ्या हातांमध्ये हे हातही होते, हे मी यंदापासून त्याच पाठात शिकवणार आहे.

आपल्याकडे विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत. रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, कंजारभाट, छप्परबंद, पाल पारधी, राज पारधी, बंजारा आणि आणखी. ज्या विहिरींचं पाणी आमचे ऊस पितात त्यातल्या कितीतरी वडारांनी खोदल्या. आमच्या मळ्यातली जुनी विहीरही. आजोबा सांगायचे, बैलजोडी, पहार, सुरुंग, आणि आख्खं कुटुंब उन्हात. त्या वडाराचं नाव मात्र आजोबांना आठवत नव्हतं. बांधणी बघायला लोक यायचे तेव्हा आजोबा स्वतःचंच नाव सांगायचे.

कायदा १९५२ ला गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर त्यात जातीचं नाव नाही, पण पोलीस ठाण्यातल्या जुन्या याद्या आणि जुने पूर्वग्रह तसेच राहिले. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने भारताला सांगितलं की हा सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा. वंशभेद म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते, दक्षिण आफ्रिका आठवते, गांधीजींना आगगाडीतून उतरवलं ते आठवतं. त्या समितीने बोट ठेवलं ते आपल्या पालांवर, आपल्या तांड्यांवर. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगाच्या नियमावल्यांमधली जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य आहे आणि विमुक्त जमातीच्या माणसाला केवळ जन्मावरून सराईत गुन्हेगार धरता येणार नाही. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ती याचिका केली होती. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं झाली होती तेव्हा.

एसटी स्टँडवरचं एक दृश्य लिहून ठेवते. दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. फलाटावर तुफान गर्दी. माझ्याकडे चाकांची मोठी बॅग, आत काय आहे ते माझं मला. शेजारी एक पारधी कुटुंब. म्हातारा, त्याची बायको, सून, दोन पोरं. तीन गाठोडी. एक तरुण होमगार्ड आला आणि सरळ म्हाताऱ्यापाशी गेला.

"ए, उघड ते."

म्हातारा काही न बोलता गाठ सोडायला बसला. गोधडी, जर्मनची पातेली, स्टोव्ह, पोराचं स्वेटर. तळाशी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेले कागद. आधार, रेशनकार्ड, कुठल्या तरी अर्जाची पोच. होमगार्डने ते उलटसुलट करून बघितले. म्हातारा हात जोडून उभा. लोक बघत होते. एका बाईंनी गळ्यावरून पदर ओढून घेतला. मी विचारलं, "दादा, माझी बॅग बघायची का?" तो हसला. "छे छे मॅडम, तुम्ही बसा ना." मी म्हटलं, तपासणी असेल तर सगळ्यांची करा, नाहीतर यांचीही नको. तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही मॅडम, ही लोकं कशी असतात." आणि निघून गेला. म्हाताऱ्याने सगळं परत बांधलं. तेवढ्यात त्यांची गाडी लागली, भरली आणि सुटली. ती माणसं फलाटावरच राहिली.

मला आजही राग येतो तो "तुम्ही बसा ना" याचा. तो पोरगा माझ्याशी इतका अदबीने बोलला! माझ्याबद्दल त्याला काय माहिती होतं? साडी, बोलण्याची धाटणी, चेहऱ्याची ठेवण. तेवढ्यावर मी सज्जन ठरले आणि तो म्हातारा चोर. हा विश्वास मी कमावलेला नाही. मला तो रोज मिळतो, बँकेत, दवाखान्यात, तहसीलमध्ये, दुकानात. दुकानदार मला उधार देतो आणि पालावरच्या बाईला आधी नोटा दाखवायला लावतो. तहसीलमध्ये पंचविशीतला पोरगा साठीच्या माणसाला अरे-तुरे करतो आणि मला "या, मॅडम" म्हणतो. यातलं काहीच बातमीत येत नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या आयुष्यातला एक दिवस तरी याच्याशिवाय गेला असेल का?

आणि कागदांचं. ते तीन पिशव्यांत का गुंडाळलेले होते, हे नंतर कळलं. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, सात-बारा. माझ्या आजोबांचा दाखला आमच्या कपाटात आहे, चौथी पास, शिक्का ठळक. त्या मुलीच्या पणज्याची नोंद कुठे असेल तर पोलिसांच्या रजिस्टरात. ज्यांना गाव स्थिर राहू देत नव्हतं त्यांच्याकडून आपण रहिवासाचा पुरावा मागतो. वस्तीवरच्या अकरा मुलांपैकी दोघांकडेच दाखला आहे, हे मी शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना बघितलं. बाकीची नऊ शिष्यवृत्तीच्या यादीबाहेर. त्यातही जातींचा गोंधळ असा की कैकाडी समाज विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे आणि आमच्याकडे विमुक्तांत. तोच समाज, तेच काम, तीच गाढवं, जिल्ह्याची हद्द ओलांडली की संरक्षण वेगळं.

संरक्षण म्हटलं की राईनपाडा आठवतो. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागायला गेले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती. जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्यांच्याजवळ ओळखपत्रं होती. कुणी वाचली नाहीत. डवरी गोसावी भटक्या जमातीच्या यादीत, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता, त्यामुळे तो त्यांना लागू नाही. मी त्या दिवशी कुठल्याही अनोळखी गावाच्या बाजारात गेले असते, एखाद्या लेकराला जवळ घेऊन "नाव काय रे तुझं?" विचारलं असतं, तर त्याच्या आईने मला चहाला बोलावलं असतं.

दप्तर ओतणं, गाठोडं सोडणं आणि ती ग्रामपंचायतीची खोली, या माझ्या मते वेगळ्या गोष्टी नाहीत. रोज थोडा थोडा अपमान केल्याशिवाय एका दिवसात पाच माणसं मारण्याची हिंमत गावाला येत नाही.

हे आज शिक्षक खोलीत बोलले तर एक सहकारी म्हणाले, "मॅडम, पण त्यांच्यातले काही जण करतातच की." असतीलही काही. आमच्या तालुक्यात एक पतसंस्था बुडाली, लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी गेल्या. संचालक मंडळात सगळे आमचेच पाहुणे-रावळे. त्यानंतर माझी पर्स कुणी तपासली नाही. आमच्या मुलांची दप्तरं कुणी उलटी केली नाहीत. बाजारात आमच्या बायका दिसल्या म्हणून कुणी पदर ओढून घेतला नाही. आमच्यातल्या एकाने केलं तर ते त्याने केलं. त्यांच्यातल्या एकाने केलं तर जमातीने केलं. सर गप्प बसले, पण पटलं असेल असं वाटत नाही. पुन्हा बोलेन त्यांच्याशी.

मुख्याध्यापकांकडे दोन गोष्टी मागितल्या. वर्गात काही हरवलं तर कुणाही एका मुलाचं दप्तर बघायचं नाही, कुणी स्वतःहून दाखवायला आलं तरी नाही. शोधायचं तर सगळ्या वर्गाने मिळून खोली शोधायची, शिक्षकांच्या पिशव्यांसकट. आणि नऊ मुलांच्या दाखल्यांसाठी शाळेच्या लेटरहेडवर तहसीलदारांना पत्र. दुसऱ्याला ते लगेच तयार झाले. पहिल्याला म्हणाले, लेखी नियम कशाला, उगाच विषय होईल. मी म्हटलं, विषय झालेलाच आहे सर, दहा वर्षांच्या मुलीने केलाय. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा म्हणाले.

बैठक शनिवारी आहे. समितीत पालांवरचं कुणीच नाही. उद्या संध्याकाळी वस्तीवर जाऊन त्या मुलीच्या आईला विचारणार आहे, याल का म्हणून. त्यांची मजुरी बुडेल, तेव्हा बैठक सकाळऐवजी रात्री आठला घ्यावी लागेल. सरपंचांना त्यासाठी आत्ताच फोन करून ठेवला. ते म्हणाले, बघू. उद्या सकाळी परत करते.