तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराला कसला ऑटिझम?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मी ‘उंदीरवाली’, कारण प्रयोगशाळेत उंदरांवर ऑटिझमचा अभ्यास करते. गणपतीच्या आरतीनंतर हातावर खिरापत ठेवता ठेवता तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हमखास विचारतात, “अगं, उंदराला कसला गं ऑटिझम? आणि मुलग्यांनाच जास्त का? हार्मोन्समुळेच ना?” त्यांच्या पाच वर्षांच्या नातवाचं निदान झालंय, म्हणून उडवून लावता येत नाही.

तर काकू, उंदराला ऑटिझम होत नाही. आम्ही त्याचं वागणं बघतो. तीन कप्प्यांचा पारदर्शक खोका असतो. एका टोकाच्या कप्प्यात जाळीच्या पेल्याखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला तसाच रिकामा पेला, मधे आपला उंदीर. दहा मिनिटं. साधा उंदीर पाहुण्याला जाळीतून हुंगत बसतो. बीटीबीआर जातीच्या उंदराला पाहुण्याची फारशी ओढ नसते, तो बराच वेळ अंग साफ करत बसतो. मग खोका अल्कोहोलनं पुसायचा. आधीच्याचा वास राहिला की पुढचा निकाल फुकट.

पहिली तीन वर्षं मी फक्त नर वापरले. माद्यांचं चार-पाच दिवसांचं माजाचं चक्र आकडे बिघडवतं, असं शिकवलं होतं. म्हणजे शोधायचे हार्मोन्स, आणि जिथे ते रोज बदलतात तिकडेच पाठ! आता चक्राचा कोणता दिवस आहे ते कळावं म्हणून रोज सकाळी माद्यांचा स्मिअर, म्हणजे योनिमार्गातल्या पेशींचा नमुना, काचपट्टीवर घेते.

हार्मोन्सचं म्हणाल, तर 1959 मध्ये गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं, आणि त्यांच्या मादी पिल्लांचं लैंगिक वागणं पुढे नरांसारखं झालं. गंमत अशी की उंदराच्या मेंदूत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) होतं, आणि हे ‘बायकी’ हार्मोनच मेंदू नराचा घडवतं. माद्या वाचतात, कारण अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन त्यांच्या रक्तातलं इस्ट्रोजेन धरून ठेवतं. माणसाचं हे प्रथिन तसं धरत नाही. आपल्यात टेस्टोस्टेरॉनचं थेट कामच मोठं मानतात. उलट, रीलिन जनुकाची एक प्रत बिघडली की नर उंदरांच्या लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशी (मोठ्या चेतापेशी) घटतात, माद्यांच्या नाही. आणि जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत इस्ट्रॅडिओल दिलं तर त्या नरांच्या पेशी वाढतात. एकच हार्मोन, एकीकडे नर घडवतं, दुसरीकडे नराला सावरतं. एका वाक्यात उत्तर कसं देऊ?

माणसांत निदानाचं प्रमाण साधारण तीन-चार मुलग्यांमागे एक मुलगी. त्यात मुलींचं निदान हुकतं, हेही आहेच. डेन्मार्कमध्ये साठवलेल्या गर्भजलाच्या नमुन्यांत, पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या मुलग्यांच्या गटात टेस्टोस्टेरॉनसारखे स्टेरॉइड हार्मोन्स सरासरीनं जास्त निघाले. 2015 चा अभ्यास. गटाची सरासरी ती, तुमच्या नातवाबद्दल त्यातून काही कळत नाही.

मागच्या महिन्यात काकूंनी व्हॉट्सअॅपवर आलेलं दाखवलं: टेस्टोस्टेरॉन दाबणारं इंजेक्शन. अमेरिकेत मेरीलँडमधला एक डॉक्टर ऑटिझमच्या मुलांना असलंच इंजेक्शन देत होता; 2011 मध्ये त्याचा परवाना निलंबित झाला. तो मेसेज मी काकूंच्या समोरच डिलीट करायला लावला.